सावकाश होगव्वा!

पोळा जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. यमक जुळावं म्हणून लिहीत नाही, खरंच येतो. आपल्या भागात बैलांचा सण म्हणजे कर्नाटकी बेंदूर, आमच्या सासूबाईंच्या भाषेत कारहुणवी. तो ज्येष्ठातच होऊन जातो. माझं माहेर मात्र मध्य प्रदेशातलं पांढुर्णा, नागपूरहून रेल्वेनं दोनेक तासांवर. तिथं श्रावणातल्या अमावस्येला पोळा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार.

ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गावातून जाम नदी वाहते. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याच्या शेंड्याला झेंडा. दोन्ही काठांवर माणसं जमतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकांवर दगड मारतात. झेंडा काढला की खेळ संपतो आणि तो चंडीमातेच्या देवळात नेतात. म्हणे पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवून आणली, दोघं नदीत असताना दोन्हीकडून दगड आले आणि ती तिथंच गेली. त्यांची आठवण म्हणून हे. दरवर्षी शेकड्यानं माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. प्रशासनानं बंदीचे हुकूम काढून पाहिले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला राहिले, दगड चालूच राहिले. आता काठावर पोलीस असतात, डॉक्टर असतात, अँब्युलन्स असतात आणि खेळही असतो.

माझ्या दादाचा डावा डोळा १९९२ च्या गोटमारीत गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, मी चौदा वर्षांची. नागपूरला नेलं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, डोळा वाचला नाही. त्यानंतर आमच्या घरात गोटमार हा शब्द कुणी काढला नाही. त्या दिवशी आई चूल पेटवायची नाही, एवढंच.

आणि २०२४ च्या पोळ्याला, त्याच घराच्या ओसरीवर, सतरा वर्षांच्या माझ्या चिरंजीवांनी मला विचारलं, "आई, उद्या मी नदीवर जाऊ? फक्त बघायला नाही, खेळायला."

मी नाही म्हणणार एवढ्यात तो म्हणाला, "एप्रिलमध्ये तू त्या कड्यावरून खाली आलीसच ना? तेव्हा कुठं डेंजर नव्हतं?"

वाचकहो, मी वर्गात साठ मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देते, पण या एका प्रश्नानं माझी बोलती बंद झाली. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी एप्रिलची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या यजमानांना त्यांच्या कंपनीनं दोन वर्षांसाठी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला पाठवलं. मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली, मुलाला तिथल्या शाळेत घातलं. तिथं हिवाळा म्हणजे पाच-सहा महिने बर्फ, आणि शनिवार उजाडला की अर्धं शहर गाडीच्या टपावर स्की बांधून डोंगराकडे निघतं. मुलाला शाळेतल्या मित्रांनी नादी लावलं. त्याला सोडायला-आणायला मी जायची. गाडीत बसून तरी किती उबायचं? चव्वेचाळिसाव्या वर्षी मीही शिकायला गेले. लव्हलँड नावाचं स्कीचं ठिकाण डेन्व्हरच्या पश्चिमेला सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. त्याचा नवशिक्यांचा भाग वेगळा आहे, त्याला लव्हलँड व्हॅली म्हणतात. पहिल्या दिवशी चार वर्षांची पोरं माझ्या शेजारून सुळकन जात होती आणि मी मात्र दर दहा पावलांना बसकण मारत होते. पण दोन हिवाळे निगुतीनं शिकले. मधल्या दर्जाच्या उतारावरून न पडता येऊ लागले.

मुलगा मात्र माझ्या कितीतरी पुढं गेला होता. त्याच्या डोक्यात एकच, 'रिज कॅट'.

हे कॅट म्हणजे मांजर नव्हे. स्नोकॅट. ट्रॅक्टर आणि रणगाडा यांचं लग्न लावलं तर जे अपत्य होईल ते. चाकं नाहीत, दोन्ही बाजूंना रुंद पट्टे. आठ-दहा टनांचं धूड, पण वजन इतक्या मोठ्या पट्ट्यांवर पसरतं की बर्फावरचा दाब आपल्या पावलाच्या दाबापेक्षाही कमी पडतो. आपण मांडीपर्यंत रुततो तिथं हे धूड वरच्या वर चालतं. मुळात 'स्नो-कॅट' हे नाव ओरेगन राज्यातल्या मेडफर्डच्या टकर कंपनीच्या गाड्यांचं. व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीनं अशाच गाड्या घेऊन अंटार्क्टिका खंड पहिल्यांदा आरपार ओलांडला. २४ नोव्हेंबर १९५७ ला निघाले, २ मार्च १९५८ ला दुसऱ्या टोकाला पोचले. पुढं स्कीच्या ठिकाणी अशी यंत्रं रात्री उतारावरचा बर्फ सारखा करायला वापरू लागले. पुढं पातं, मागं बर्फ भुसभुशीत करणारा फाळ. शेतात कुळव फिरवतात ना, तसंच. आपल्या औलीतही असं काम यंत्रानंच होतं.

पण माणसाचं मन विचित्र असतं. सारखा केलेला उतार मिळाला की त्याला न केलेला हवा असतो. १९७५ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कुणीतरी डोकं चालवलं, या यंत्रात बर्फाऐवजी माणसंच भरून वर नेली आणि अस्पर्श डोंगरावर सोडली. तिथून कॅट-स्कीइंग सुरू झालं. बऱ्याच ठिकाणी त्याला भरमसाट पैसे पडतात. लव्हलँडला मात्र नेहमीचं तिकीट असलं की ती फेरी फुकट असते. जिथं पाळणा संपतो तिथून स्नोकॅट डोंगराच्या धारेवरून माणसं पुढं नेते आणि पलीकडच्या उघड्या उतारांवर सोडते. खाली यायचं ते आपलं आपण.

फुकट म्हटलं तरी एक कार्ड काढावं लागतं, आणि कार्डासाठी सही. एप्रिलमध्ये आमच्या परतीला दोन महिने उरलेले असताना मुलानं तो कागद माझ्यापुढं ठेवला. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकाची सही लागते. कागदात गुळमुळीत काही नव्हतं. कडा आहेत, खडक आहेत, हिमकडा कोसळू शकतो, इजा होऊ शकते, मरणही येऊ शकतं आणि हे सगळं मला समजलं आहे, अशा अर्थाचं सरळ लिहिलेलं. मी तो कागद तीनदा वाचला. यजमान म्हणाले, तू ठरव. पुरुष अशा वेळी फार लोकशाहीवादी होतात!

त्या रात्री मी दादाला फोन केला. तिकडे सकाळ होती, तो संत्र्याच्या बागेत होता. का केला ते आजही नीट सांगता येणार नाही. परवानगी हवी होती म्हणा, किंवा कुणीतरी नको म्हणावं असं वाटत होतं म्हणा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले एकच सांग बाई, तेथं थांब म्हननारं कोनी हाये का?"

मी म्हटलं, आहे. लाल कोटातले स्की पेट्रोलचे लोक असतात. ते सकाळी आधी स्वतः जाऊन बघतात, गरज वाटली तर सुरुंग लावून सैल बर्फ पाडून घेतात. त्यांनी दोर सोडला तरच पुढं जायचं.

"मंग जा," म्हणाला आणि लगेच पावसाचं बोलायला लागला.

सकाळी निघताना सासूबाईंचा फोन. त्यांना स्नोकॅट समजावणं माझ्या कन्नडच्या आवाक्याबाहेरचं होतं. मी एवढंच सांगितलं, डोंगरावर चाललोय, बर्फात. त्या म्हणाल्या, "सावकाश होगव्वा." आपल्याकडच्या घरांत हा शब्द मराठी की कन्नड हे कुणी विचारत नाही. दोन्ही भाषा त्याच्यावर हक्क सांगतात आणि दोन्ही भाषांतल्या आया दारात उभं राहून तोच म्हणतात.

मी दोन सह्या केल्या. एक त्याच्यासाठी, एक माझ्यासाठी. त्याला वर पाठवून खाली कॉफी पीत बसणं मला जमलं नसतं.

नऊ नंबरचा पाळणा आपल्याला १२,७०० फुटांवर सोडतो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे दुपटीहून जास्त. झाडांची हद्द खाली केव्हाच संपलेली. पांढरं, निळं आणि वारा, एवढंच. ही धार म्हणजे अमेरिका खंडाचा पाणलोट दुभाजक. एका अंगाला वितळलेलं पाणी शेवटी अटलांटिकच्या बाजूला जातं, दुसऱ्या अंगाचं पॅसिफिककडे. आणि याच डोंगराच्या पोटातून १९७३ साली खुला झालेला आयसेनहॉवर बोगदा जातो. आपण वर वाऱ्यात कुडकुडत असतो आणि पायाखालून ट्रक धावत असतात. भूगोलाच्या बाईला आणखी काय हवं? मला मुलताई आठवली. पांढुर्ण्याहून जवळच. तिथं उगम पावलेली तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, आणि त्याच पठारावरून निघालेली वर्धा गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या खानापूरकडच्या डोंगरातही तेच. मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे, म्हादई पश्चिमेला गोव्याकडे. शेजारी पडलेल्या दोन थेंबांचं नशीब एका वितीनं बदलतं. वर्गात हे वाक्य मी वीस वर्षं म्हणत आले होते. त्या दिवशी त्या वितीवर उभी होते.

दोन दिवस बर्फ पडून गेला होता. अकरा वाजता लाल कोटातल्या बाईनं दोर सोडला. आमची कार्डं बघितली. स्की बाहेर अडकवल्या आणि आम्ही दहा-बारा जण मागच्या पेटीत गुडघ्याला गुडघा लावून बसलो. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखं धडधडत निघालो. कुणी बोलत नव्हतं. एरवी तोंड बंद नसलेला माझा मुलगाही गप्प. पाच-सात मिनिटांत गाडी थांबली, आम्ही उतरलो, ती वळून गेली. आवाज गेल्यावर जी शांतता पडली तिचं मला भय वाटलं. मागं फिरायचा मार्ग त्या गाडीबरोबर गेला होता.

पुढं उतार. खालून बघताना तो पडद्यासारखा उभा दिसायचा. वरून बघताना तो दिसतच नव्हता, फक्त एक कड आणि तिच्यापुढं काही नाही.

त्यात ढग आला. उंचावरच्या बर्फात ढग आला की सावल्या नाहीशा होतात. जमीन पांढरी, आकाश पांढरं, खाच कुठं, उंचवटा कुठं, काही कळत नाही. खाली झाडं तरी असतात अंदाजाला, इथं झाडं नाहीत. आपण उभे आहोत की सरकतो आहोत हेही उमगत नाही. मी एक पाऊल टाकणार तेवढ्यात शेजारची, पन्नाशी उलटलेली एक बाई म्हणाली, हलू नकोस, ढग जाऊ दे. आम्ही दहा मिनिटं तशाच उभ्या होतो. तेव्हा मला दादा आठवला. एका डोळ्याला खोली कळत नाही. तीस वर्षांहून जास्त काळ तो पायऱ्या उतरताना आधी पाय पुढं करून चाचपतो. ते मी रोज बघत आले होते, कळलं मात्र त्या दहा मिनिटांत.

ऊन आलं. मुलगा गेला. तीन वळणं घेऊन थांबला, वर बघून हात केला. आता माझी पाळी.

स्की शिकवणारे पहिल्या दिवसापासून एक गोष्ट सांगतात, दरीकडे झुका. मन सांगतं, डोंगराला बिलगा. पण डोंगराकडे झुकलं की खालच्या स्कीवरचा भार जातो, तिची धार सुटते आणि माणूस घसरतो. दरीकडे छाती केली तरच धार बर्फात रुतते. दोन हिवाळे घोकलेलं हे सूत्र त्या कडेवर एका क्षणात पुसलं गेलं. पहिलं वळण कसंबसं झालं. दुसऱ्याला मी डोंगराला बिलगले. पाय सुटले, आभाळ खाली आलं, तोंडात बर्फ. थांबले तेव्हा डाव्या पायात स्की नव्हती.

मऊ बर्फात निसटलेली स्की सुरीसारखी आत शिरते, वर खूण राहत नाही. आम्ही शोधायला लागलो. मुलगा आडवा आडवा पावलं टाकत, धापा टाकत वर चढून आला. मी जिथं पडले तिथं खालच्या बाजूला उकरत होते. तो म्हणाला, "आई, वर शोध. तू घसरत इथं आलीस, स्की वरच सुटली असणार." सतराव्या वर्षी मुलगा बापासारखा बोलतो तेव्हा राग येतो आणि बरंही वाटतं. पंचवीस मिनिटांनी काठीला टणक लागलं. तोवर माझ्या मांड्या थरथरत होत्या. पुढची वाट मी वळणं न घेता आडवी घसरत, पुन्हा आडवी घसरत उतरले. शूरवीर म्हणून कुणी फोटो काढावा असं काही नव्हतं. पण अर्ध्यावर एक पट्टा असा आला की जिथं कुणाचा माग नव्हता, बर्फ गुडघ्याएवढा, हलका, ज्वारीच्या पिठासारखा. तिथं चार वळणं मला जमली. आवाज नाही, फक्त अंगाखालून काहीतरी सरकतंय. ती चार वळणं मला अजून झोपेत आठवतात.

खाली आल्यावर मुलगा पुन्हा दोनदा वर गेला. मी कॉफी घेतली. सही तर केलीच होती!

तिसऱ्यांदा तो गेला तेव्हा वारा वाढला होता. दोर लावलेला. तो म्हणे विनवण्या करत होता, शेवटची एकच फेरी. दोरापाशी उभा असलेला माणूस हसून एवढंच म्हणाला, आज नाही. रांगेतले वीसेक जण कुरकुरत वळले. कुणी दोराखालून गेलं नाही.

हे लिहिताना मी कुणाला स्वप्न विकत नाही. दोर असला म्हणजे मरण थांबतं असं नाही, आणि दोराबाहेर तर कुणीच थांबवत नाही. याच लव्हलँड खिंडीजवळ शीप क्रीक नावाच्या जागी २० एप्रिल २०१३ ला हिमस्खलनात पाच जण गेले. ते अनुभवी होते, आणि ती जागा स्की केंद्राच्या हद्दीबाहेर होती. आपल्या गुलमर्गजवळ खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० रोजी प्रशिक्षण घेणारे आपले सतरा जवान हिमस्खलनात शहीद झाले. तेही नवखे नव्हते. गुलमर्गचा गंडोला १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत आणि २००५ मध्ये अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे १३,००० फुटांवर गेला. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं तिथं फोटो काढायला जातात. वर उतरल्यावर मुलगा म्हणाला 'जरा पलीकडे जाऊन येतो', तर तिथला दोर आणि तिथला माणूस काय सांगतो ते आधी विचारा. शिकायचंच असेल तर गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंगची संस्था आहे, औलीला गढवाल मंडळाचे वर्ग भरत आले आहेत. औलीचा जोशीमठहून जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागल्यावर बंद करावा लागला, तेव्हा निघण्याआधी चौकशी करून निघा.

तर, ओसरीवरचा प्रश्न. तेव्हा कुठं डेंजर नव्हतं?

होतं. मी खोटं बोलणार नव्हते. म्हणून मी म्हटलं, "मामाला विचार."

आदल्या दिवशी आम्ही सौंसरला मावशीकडे उतरलो होतो, जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसरही त्यातच आलं, म्हणून मावशी जरा रागावलेली. "इतकी वर्षं छिंदवाडा म्हणत होतो, आता पांढुर्णा म्हना," असं चाललेलं. मुलगा सगळीकडे गप्पा मारत, हसत होता. मामासमोर मात्र तो प्रश्न विचारताना त्याचा आवाज खाली आला. बत्तीस वर्षांत त्या घरात तो शब्द उच्चारणारा तो पहिला.

दादा ओसरीच्या खांबाला टेकून बैलाच्या झुलीचा गोंडा शिवत होता. शिवतच राहिला. आई आत होती, भांड्यांचा आवाज थांबला.

"तुयी माय सही करून गेली होती नं तेथं?" दादानं विचारलं.

"हो."

"तो पहाड तुले नेम धरून मारे का?"

मुलगा काही बोलला नाही.

दादानं सुई खोचून ठेवली. "हे पाय पोट्ट्या. मले लागला तो गोटा कोनं मारला, ते मले मायीत नाई. आजवर नाई. सारे म्हनतात ते वाईट झालं. पन मी मारलेला एक गोटा कोनाले लागला, ते मले मायीत हाये. तो सावरगावचा हाये. बजारात भेटतो. आमी एकमेकाले रामराम करतो." थोडा थांबून म्हणाला, "डोया गेला त्याचं मले इतकं वाटत नाई."

हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. त्या माणसाला कुठं लागलं, काय झालं, ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. मी इतकी वर्षं त्याला फक्त मार खाल्लेला समजत होते.

मी गोटमारीवर निवाडा द्यायला बसलेली नाही. गावातल्या माणसांसाठी तो झेंडा म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. लहानपणी मीही माडीवरून बघत टाळ्या पिटल्या आहेत. त्या काठावरची माणसं वर्षभर एकमेकांच्या लग्नाला जातात. पण मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे नसलेलं उत्तर दादाकडे होतं. धोका दोन्हीकडे आहे. डोंगरावर मी माझा जीव पणाला लावते, नदीत मला दुसऱ्याचाही लावावा लागतो. आणि तिथं दोर लावणारा माणूस 'आज नाही' म्हणाला की वीस जण वळतात. इथं थांब म्हणणारे पुष्कळ आहेत. ऐकायचं कुणी, एवढंच ठरायचं राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला, मुलगा नदीवर गेला नाही. त्याला पटलं की तो मामाच्या शब्दाला मान देऊन राहिला, हे मी विचारलं नाही. सकाळी तो दादाबरोबर बागेत गेला. संत्री हिरवीच होती, पण फांद्या ओझ्यानं वाकलेल्या. दोघं त्यांना बांबूचे टेकू लावत होते. दादा सांगायचा, मुलगा बांबू उचलायचा. बांधावरून उतरताना दादानं सवयीप्रमाणे पाय पुढं करून चाचपलं, तेव्हा मुलानं काही न बोलता आपला खांदा त्याच्या हाताखाली दिला. गावाकडून ढोलाचा आणि लोकांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. त्या दिवशी आईनं चूल पेटवली. पिठलं-भाकरी बांधून माझ्याकडे दिली आणि बागेत पोचव म्हणाली.

यंदा मुलगा अठरा पूर्ण करून पुढं गेला आहे. आता त्याच्या कुठल्याच कागदावर माझी सही लागणार नाही. पोळा आला की तो पांढुर्ण्याला जाणार म्हणतो, एकटा. मी हो म्हटलं आहे. पोटात गोळा आहेच. परवा बॅग भरताना सासूबाई दारात आल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला सांगायचं होतं तेच त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं, "सावकाश होगप्पा."